स्क्रॅमजेटमध्ये इंधन आणि हवा एका मिलिसेकंदात मिसळायची कशी? भिंतीतलं छिद्र, रॅम्प की स्ट्रट?

कृष्णाकाठ (धागाकर्ता), सांगली | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. स्क्रॅमजेट म्हणजे आत हवा ध्वनीपेक्षा जास्त वेगाने वाहत असतानाच इंधन जाळणारं इंजिन. आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांचा एक गट छोट्या ब्लोडाउन विंड टनेलवर (टाकीत दाबून भरलेली हवा काही सेकंद सोडणारा) इंधन-मिश्रणाचा प्रकल्प घेतोय. आखणीच्या टप्प्यावरच जाणत्यांची मतं मिळाली तर पोरांची मेहनत वाया जाणार नाही, म्हणून हा धागा.

मांडणी अशी आहे. टेस्ट सेक्शन ५० बाय ५० मिमी, माक २ (तिथल्या ध्वनिवेगाच्या दुप्पट). नोझलचा गळा २९.६ मिमी उंच. टोटल प्रेशर (नोझलआधीच्या थांबलेल्या हवेचा दाब) ४ बार, म्हणजे टेस्ट सेक्शनमध्ये स्टॅटिक दाब (वाहत्या हवेचा) ०.५१ बारच्या आसपास. हवा खोलीच्याच तापमानाची, हीटर नाही. ३ घनमीटरची टाकी १० बारपर्यंत भरली आणि ५ बारला थांबलं तर साधारण १० सेकंदांची धाव मिळते, कारण सेकंदाला १.४ किलोच्या जवळपास हवा जाते. जाळायचं काहीच नाही. हायड्रोजनच्या जागी हेलियम सोडून फक्त मिश्रण मोजायचं.

प्रश्न सरळ आहे. तीन प्लेटा करता येतील एवढंच बजेट आहे. भिंतीत काटकोनात छिद्रं, रॅम्प (भिंतीवरचा उतार), मधोमध स्ट्रट (प्रवाहात आडवी पाचर), कॅव्हिटी (भिंतीतला खळगा) यांतलं काय आधी करावं? आणि मिश्रण सुधारलं हे कशावरून म्हणायचं?

अजिंक्यतारा, सातारा | सोमवार, रात्री ९.४८

उत्तम विषय. आधी अडचण किती मोठी आहे ते नवीन वाचकांसाठी लिहितो.

कम्बस्टर, म्हणजे इंजिनचा ज्वलनकक्ष, एक मीटर लांब धरा आणि आतली हवा १२०० मीटर प्रति सेकंद. म्हणजे हातात ०.८ मिलिसेकंद. तेवढ्यात इंधन आत घुसायला हवं, पसरायला हवं, रेणूपातळीवर मिसळायला हवं, पेटायला हवं आणि जळून संपायलाही हवं. शिवाय समांतर वाहणाऱ्या दोन वेगवान धारांमधला थर फार हळू जाड होतो. १९८८ साली पापामोशू आणि रॉश्को यांनी हे व्यवस्थित मोजून मांडलं. कन्व्हेक्टिव्ह माक, म्हणजे दोन्ही धारांच्या वेगांतला फरक भागिले दोन्ही ध्वनिवेगांची बेरीज, एकच्या जवळ गेला की थराची वाढ साध्या प्रवाहाच्या जेमतेम पाचव्या हिश्शावर येते.

म्हणून इंधन हवेला समांतर सोडणं बाद. काटकोनात मारा. माझं मत पहिल्या प्लेटेला भिंतीतल्या छिद्रांना.

वारणाकाठची | सोमवार, रात्री १०.३०

दादा, निष्कर्षाशी सहमत, पण कारण इथे लागू पडत नाही. आकडे घालून बघा.

खऱ्या इंजिनात, उड्डाण माक ६ च्या आसपास, कम्बस्टरच्या तोंडाशी हवा माक २ आणि स्टॅटिक तापमान १००० केल्विन धरलं तर ध्वनिवेग ६३४ आणि हवेचा वेग १२६८ मीटर प्रति सेकंद. ३०० केल्विनचा हायड्रोजन छिद्रातून ध्वनिवेगाने बाहेर पडतो तेव्हा त्याचा वेग १२०० येतो. फरक फक्त ६७. कन्व्हेक्टिव्ह माक ०.०४! दाबनीयतेमुळे थर खुंटला असं इथे म्हणताच येत नाही. दोन्ही धारा जवळपास एकाच वेगाने शेजारी शेजारी चालल्या आहेत, एकमेकींना घासतच नाहीत, म्हणून मिसळत नाहीत. रोग वेगळा, तर औषधही वेगळं. इथे वेगातला फरक नाही, भोवरे हवेत.

आणि यातूनच धागाकर्त्यांच्या मांडणीतली एक मोठी चूक दिसते. थंड टनेलमध्ये माक २ ची हवा ५१८ मीटर प्रति सेकंदाने जाते, तर शुद्ध हेलियम ८८३ ने बाहेर पडतो. म्हणजे वेगांचं गुणोत्तर १.७, जे खऱ्या इंजिनात ०.९५ आहे. शुद्ध हेलियमने केलेल्या चाचणीत समांतर इंजेक्शन खऱ्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसेल, कारण तिथे इंजिनात नसलेलं घासणं आयतं मिळतंय. मग स्ट्रटच्या मागच्या धारेला उगाच जास्त गुण पडतील आणि तीन प्लेटांची तुलनाच वाकडी होईल.

उपाय सोपा आहे. आकारमानाने दोन भाग हेलियम आणि एक भाग नायट्रोजन असं मिश्रण सोडा. त्याचा छिद्राशी वेग ५०० च्या आसपास येतो, म्हणजे गुणोत्तर ०.९७. घनतेचं गुणोत्तरही जुळतं: इंजिनात हायड्रोजन हवेच्या ०.२८ पट, आणि या मिश्रणाचं ०.२९. शुद्ध हेलियमचं ०.१० येतं. दोन्ही गुणोत्तरं एकाच बाटलीत जुळतात याचा मनापासून आनंद आहे, कारण असं क्वचितच होतं.

अजिंक्यतारा | सोमवार, रात्री १०.४१

ताई, मान्य. कन्व्हेक्टिव्ह माकचा मुद्दा इथून मागे घेतो. धागाकर्त्यांनी हा प्रतिसाद वहीत उतरवून ठेवावा.

प्रीतिसंगम, कराड | सोमवार, रात्री ११.०५

वारणाकाठच्या ताईंचं म्हणणं कराडच्या घाटावर उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं. एका नदीला पावसाचं तांबडं पाणी आलेलं असताना दोन नद्या तिरक्या येऊन सारख्या वेगाने मिळाल्या, तर दोन रंग बराच लांब शेजारी शेजारी वाहतात. मधे रेघ मारल्यासारखी दिसते. कराडला मात्र कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून पुढे जातात. तिथे पाणी घुसळतं.

भिंतीतून काटकोनात सोडलेली धार हेच करते. धारेच्या पुढ्यात धनुष्याकृती शॉक (दाब एकदम चढतो तो पातळ पडदा) उभा राहतो, भिंतीलगतचा प्रवाह शॉकच्या आधीच सुटतो, छिद्राभोवती नालेच्या आकाराचा भोवरा पडतो, आणि धार वाकून प्रवाहाच्या दिशेला लागताना तिच्यात उलटसुलट फिरणाऱ्या दोन भोवऱ्यांची जोडी तयार होते. खरं काम ही जोडी करते. ती स्क्रूसारखी पुढे सरकत हवा धारेच्या पोटात ओढत राहते. प्रवाहाला आडवे असलेले भोवरे वेग वाढला की मरतात. प्रवाहाच्या दिशेने लांबलेले टिकतात. रॅम्प, पायलॉन, दातेरी कडा या सगळ्या युक्त्या शेवटी असेच लांबट भोवरे तयार करण्यासाठी आहेत.

यात शॉकचीही मदत घेता येते. हलक्या वायूच्या धारेवरून शॉक गेला की दाबाचा चढ आणि घनतेचा चढ एकमेकांना तिरके पडतात आणि धारेत भोवऱ्यांची जोडी आपोआप उठते. कॅलटेकमध्ये फ्रँक मार्बल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावरच काम केलं. समोरच्या भिंतीवर एक बारीक पाचर बसवून तिचा शॉक नेमका इंधनाच्या धारेवर पाडला तर जास्तीचा भाग न जोडता मिश्रण सुधारतं. जागा मात्र अचूक हवी. शॉक छिद्राच्या आधीच पडला तर भिंतीलगतचा थर सुटतो आणि फायदा जातो.

तर्री_जास्त | सोमवार, रात्री ११.१२

धाग्याचं नाव वाचून मिसळीचा विषय समजून आलो होतो, पण आता शेवटपर्यंत वाचणार! वाचनखूण साठवली आहे.

वारणाकाठची | सोमवार, रात्री ११.३५

तर्रीदादा, मिसळीचं उदाहरण इथे अगदी कामाचं आहे. मटकीवर फरसाण टाकून चमचा फिरवला की शेव सगळ्या वाटीत पोहोचते, पण शेव शेवच राहते. रस्सा आत मुरायला वेळ लागतो. ढवळणं वेगळं आणि मुरणं वेगळं. भोवरे इंधनाचे पातळ पापुद्रे करून सगळीकडे नेतात. त्या पापुद्र्यांतून इंधन आणि ऑक्सिजन रेणूपातळीवर एकमेकांत शिरले तरच ज्वलन होतं.

याचा मोजणीशी थेट संबंध आहे. धारेत धूर किंवा तेलाचे बारीक थेंब सोडून लेझरच्या पातळ पडद्यात फोटो काढतात. त्यातून ढवळणं दिसतं, मुरणं दिसत नाही, कारण थेंब रेणूंसारखे पसरत नाहीत. असा फोटो बघून "पूर्ण मिसळलं" म्हणू नका.

टूलरूम_कुपवाड | मंगळवार, सकाळी ७.२०

प्लेटा इथेच एमआयडीसीत होणार असतील तर छिद्रांबद्दल लिहितो. सगळा प्रयोग त्या दोन मिलिमीटरवर उभा आहे.

प्लेट स्टेनलेसची, ८ ते १० मिमी जाड. २ मिमीचं छिद्र सरळ ड्रिलने पाडू नका. १.९ चं ड्रिल, मग २.० चा रीमर. जाड प्लेटेत छिद्र लांब होतं, म्हणून मागच्या बाजूने ८ मिमीचा खड्डा मारून छिद्राची लांबी ४ ते ५ मिमीच ठेवा. हवेकडच्या तोंडाला बर (ड्रिलने उचललेला धातूचा काटा) राहिली तर धार कलते. तिथे चॅम्फरही नको आणि गोलाईही नको, कड धारदारच हवी. बर काढायला एमरी पेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून प्लेटेवर फिरवायचा, छिद्रात टोकदार काही घालायचं नाही. तिरकी छिद्रं हवी असतील, म्हणजे ३० अंशांची, तर ड्रिल घसरतं. ती स्पार्क इरोजनवर करून घ्या.

मागची इंधनाची पेटी पुरेशी मोठी ठेवा. तिचा आडवा छेद सगळ्या छिद्रांच्या एकूण क्षेत्रफळाच्या निदान दसपट हवा, नाहीतर नळीजवळचं छिद्र जास्त सोडतं आणि टोकाचं कमी. पेटीतला दाब पेटीतच मोजायचा, रेग्युलेटरच्या घड्याळावर नाही. ६ मिमीच्या नळीत चार-पाच मीटरांवर आणि दोन-तीन एल्बोंमध्ये दाब बराच उतरतो, आणि मग हिशेबातली धार आणि खरी धार वेगळी असते.

प्लेट बसवल्यावर टनेलच्या तळाशी तिचा जोड पायरीसारखा राहू देऊ नका. बोटाचं नख फिरवून अडकलं नाही पाहिजे. माक २ मध्ये ०.१ मिमीची पायरीसुद्धा आपला शॉक टाकते आणि श्लीरेनच्या (घनतेतले बदल दाखवणाऱ्या) चित्रात तो इंजेक्टरचा शॉक वाटतो.

चंदनवंदन | मंगळवार, सकाळी ९.०२

वर सगळं बरोबर चाललंय, पण सगळ्यात मोठा मुद्दा अजून कुणी मांडला नाही. इंधनाला किती अंतर कापायचंय? तेच कमी करा.

जुना व्यवहारी ठोकताळा असा की, इंधन आणि हवा नेमक्या प्रमाणात असतील तर पूर्ण मिश्रणाला लागणारी लांबी ही धारेच्या वाट्याला आलेल्या उंचीच्या २५ ते ६० पट. ५० मिमीच्या सेक्शनमध्ये एकाच भिंतीतून इंधन सोडलं तर सव्वा ते तीन मीटर. दोन्ही भिंतींतून सोडलं की प्रत्येकीच्या वाट्याला २५ मिमी, लांबी निम्मी. मधोमध स्ट्रट टाकून दोन्ही भिंतींतूनही सोडलं तर आणखी कमी. कुठलाही नाजूक आकार जो फायदा देईल त्यापेक्षा ही वाटणी जास्त देते.

याच ठोकताळ्याचा दुसरा भाग लोक विसरतात. इंधन कमी असेल तर लांबी झपाट्याने घटते. समतुल्य प्रमाण (नेमक्या लागणाऱ्या इंधनाच्या तुलनेत किती इंधन, ते) ०.२ असेल तर एकच्या तुलनेत चौथाई लांबी पुरते. तुमच्या टनेलमध्ये २ मिमीची पाच छिद्रं ३.७ बारला सेकंदाला फार तर साडेसात ग्रॅम सोडतील. हायड्रोजनच्या हिशेबाने हे प्रमाण ०.१९ होतं. त्या अवस्थेत कुठलीही प्लेट चांगलीच दिसते. म्हणून तिन्ही प्लेटांना इंधनाचं प्रमाण एकच ठेवा, आणि शक्य असेल तर ०.४ च्या वर न्या. नाहीतर आकडा इंजेक्टरचा नसून उपासमारीचा असेल.

गुळाचा_गाव | मंगळवार, दुपारी १.४०

म्हणजे गुऱ्हाळासारखंच झालं की. चुलवाणात चिपाड एकाच तोंडाने कोंबलं की काळा धूर येतो, आणि हवा मागच्या कोपऱ्यातून न वापरताच धुराड्याने निघून जाते. थोडं थोडं पसरून घातलं की जाळ स्वच्छ.

चंदनवंदन | मंगळवार, दुपारी २.०५

हो, आणि वाया जाणाऱ्या हवेचा मुद्दा स्क्रॅमजेटमध्ये जास्त महाग पडतो, कारण ती हवा आत घेताना इनटेकमध्ये ड्रॅग (हवेचा रोध) सोसलेला असतो. न जळलेली हवा म्हणजे नुसतं ओझं.

अजिंक्यतारा | मंगळवार, सायंकाळी ६.१५

धार किती आत घुसेल याचा हिशेब देतो. सगळं एका गुणोत्तरावर चालतं, धारेचा संवेग भागिले हवेचा संवेग. त्याला सगळे 'जे' (J) म्हणतात. दोन्हीकडे गॅमा (वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) गुणिले दाब गुणिले माकचा वर्ग. तुमच्या हवेचा आकडा २.८६ बार येतो. दोनास एक मिश्रणासाठी जे एक हवा असेल तर पेटीत ३.७ बार, दीड हवा असेल तर ५.५, दोनसाठी ७.३. सगळे आकडे निरपेक्ष दाबाचे. घड्याळावर एक बार कमी दिसेल. ही गफलत हमखास होते.

२ मिमीच्या छिद्राला, छिद्रापासून ४० मिमी पुढे, जे एक असताना धार ढोबळमानाने १० मिमी उंच जाते. आता इंधन दुप्पट करायचं आहे. दाब दुप्पट केलात तर उंची १६ मिमी. त्याऐवजी छिद्राचं क्षेत्रफळ दुप्पट केलंत, म्हणजे व्यास २.८ मिमी, तर १३ मिमी. दाब वाढवणं जास्त फायद्याचं, पण पुढचा शॉकही तगडा होतो आणि टोटल प्रेशर जातं.

छिद्रांमधलं अंतर फार जवळ ठेवलं तर धारा एकत्र होऊन भिंतीसारख्या उभ्या राहतात, हवा मधून जाऊ शकत नाही आणि घुसणंही कमी होतं. फार लांब ठेवलं तर मधली हवा कोरी. ५० मिमी रुंदीत चार किंवा पाच छिद्रं, कोपऱ्यांपासून निदान ५ मिमी सोडून. कोपऱ्यातला थर आधीच जाड असतो, तिथे धार टाकली तर सगळा कोपरा सुटतो.

प्रीतिसंगम | मंगळवार, रात्री ८.२२

यात एक स्वस्त सुधारणा: छिद्राच्या लगेच आधी एक पातळ पायलॉन, म्हणजे उभी पात. रुंदी छिद्राच्या व्यासाएवढीच, उंची ८-१० मिमी, समोरून धारदार आणि मागून बोथट. तिच्या मागे कमी दाबाची सावली असते; धार तिथून हवेचा थेट मार न खाता वर चढते. वेगळी प्लेटही लागत नाही, त्याच प्लेटेत खाच घेऊन पात काढ-घाल करता येते. खऱ्या इंजिनात ती पात थंड कशी ठेवायची हा वेगळा प्रश्न, पण थंड टनेलमध्ये तो नाही.

टर्बाइनवाला_मिरज | मंगळवार, रात्री ९.३०

स्ट्रटबद्दल दोन गोष्टी.

जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संशोधन संस्थेचा स्ट्रट या क्षेत्रात जवळपास सगळ्यांनी संगणकावर पुन्हा पुन्हा गणलेला आहे. ३२ मिमी लांब, ६ मिमी उंच पाचर, मागच्या बोथट तोंडातून १ मिमीच्या १५ छिद्रांतून हायड्रोजन, हवेला समांतर. हवा माक २, आणि सेक्शन तोंडाशी ५० मिमी उंच, अगदी तुमच्यासारखाच. त्यामुळे तुलनेला तयार माप मिळतं. तिथे इंधन समांतरच आहे, तरी स्ट्रटच्या मागे फिरता प्रवाह असल्याने ज्योत टिकते, आणि स्ट्रटचे शॉक भिंतींवर आपटून परत येऊन धारेवर पडतात. प्रीतिसंगम म्हणाले तीच युक्ती इथे आपोआप घडते.

दुसरी गोष्ट अडथळ्याची. ६ मिमी म्हणजे ५० पैकी १२ टक्के. माक २ ला सुरुवातीचा नॉर्मल (प्रवाहाला काटकोनातला) शॉक गिळून टनेल सुरू व्हायचं तर आडवा छेद जास्तीत जास्त १८ टक्के कमी झालेला चालतो, तोही कागदावर. भिंतीलगतचे थर धरले की जागा आणखी कमी उरते. १२ टक्क्यांचा एक स्ट्रट चालेल. दोन टाकले तर टनेल सुरूच होणार नाही आणि सगळे तास कारण शोधण्यात जातील. स्ट्रटच्या मागे सेक्शनची एक भिंत २-३ अंश उघडी ठेवा.

दोन्ही टोकांना भिंतीशी जोड करताना ओ-रिंग हवीच. तिथून हेलियम गळला तर तो भिंतीलगत वाहतो आणि मोजणीत भिंतीतल्या इंजेक्शनसारखा दिसतो.

गुळाचा_गाव | बुधवार, सकाळी ८.१०

कॅव्हिटीचं काय? बऱ्याच ठिकाणी तिला मिश्रण सुधारणारी म्हटलेलं दिसतं.

वारणाकाठची | बुधवार, सकाळी ८.५५

कॅव्हिटी मुख्यतः ज्योत धरून ठेवते, मिसळण्यात तिचा हात थोडाच. लांबी-खोलीचं गुणोत्तर ४ ते ५, आणि मागची भिंत सरळ उभी न ठेवता साधारण २२ अंशांचा उतार. उभी ठेवली तर वरचा थर तिच्यावर आपटून मागेपुढे होतो आणि शिट्टीसारखी कंपनं उठतात. गुणोत्तर १० च्या पुढे गेलं की थर तळाला जाऊन टेकतो आणि ड्रॅग एकदम वाढतो.

नेहमीची चूक म्हणजे सगळं इंधन कॅव्हिटीतच सोडणं. आत हवा कमी पोहोचते, मिश्रण घट्ट होतं आणि ज्योत विझते. कॅव्हिटीत थोडंसं, बाकीचं तिच्या आधीच्या छिद्रांतून. तुमच्या न जळणाऱ्या प्रयोगात कॅव्हिटीचा खरा गुण दिसणारच नाही, म्हणून तीन प्लेटांत तिला जागा देऊ नका असं ठाम मत आहे.

सज्जनगड | बुधवार, दुपारी १२.३०

थोडं अवांतर, पण मुलांना उत्साह यावा म्हणून. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोट्याहून हायड्रोजनवर चालणारं स्क्रॅमजेट माक ६ ला ५ सेकंद चालवलं. डीआरडीओच्या एचएसटीडीव्ही या प्रायोगिक यानाने ७ सप्टेंबर २०२० ला २० सेकंदांहून जास्त. आणि एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला जमिनीवरच्या चाचणीत थंड ठेवलेला कम्बस्टर १००० सेकंदांच्या वर चालला. अमेरिकेच्या एक्स-५१ या प्रायोगिक यानाने १ मे २०१३ ला माक ५.१ वर जवळपास साडेतीन मिनिटं काढली होती. हा विषय आता आपल्याकडेही जोरात आहे.

पण द्रव इंधन घेतलं की मिश्रणाचा प्रश्न आणखी एक पायरी मागे जातो. केरोसिनच्या धारेचे थेंब व्हायला हवेत, थेंबांची वाफ व्हायला हवी, मग मिसळणं. थेंबाला वाफ व्हायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गावर जातो, म्हणजे थेंब निम्मा केला तर वेळ चौथाई. त्यासाठी छिद्राच्या आधीच इंधनात वायूचे बुडबुडे सोडतात. बाहेर पडताना बुडबुडे फुगून धार आतूनच फोडतात. दुसरा मार्ग म्हणजे इंधन आधी इंजिनच्या भिंतींतून फिरवायचं, भिंतही थंड राहते आणि इंधन तापून वायूसारखंच आत येतं.

अजिंक्यतारा | बुधवार, रात्री ९.००

पावसाळ्यात चाचण्या करणार असाल तर हवा वाळवा, हे राहिलंच. माक २ ला तुमच्या हवेचं स्टॅटिक तापमान १६७ केल्विन, म्हणजे उणे १०६ सेल्सिअस होतं. जुलैत साताऱ्या-सांगलीची हवा जशी असते तशीच टाकीत भरली तर नोझलमध्येच धुकं होतं, बाष्प गोठताना उष्णता सोडतं, माक घसरतो आणि नोझलमध्ये एक भलताच शॉक दिसतो. कॉम्प्रेसर आणि टाकीच्या मध्ये सिलिका जेल किंवा अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा ड्रायर, दवबिंदू उणे ४० पर्यंत. टाकीच्या तळाचा कॉक रोज सकाळी उघडून पाणी काढायचं.

वारणाकाठची | बुधवार, रात्री १०.१०

आता मोजणी. नायट्रोजन सुचवला त्याचं कारण इथे आहे. मिश्रणात हवा घातली असती तर धारेतच ७ टक्के ऑक्सिजन आला असता. नायट्रोजन घातला की धारेत ऑक्सिजन शून्य आणि हवेत २०.९ टक्के. मग कुठल्याही बिंदूवरचा नमुना घेऊन ऑक्सिजन मोजला की धारेचा हिस्सा लगेच कळतो: १५.७ आला तर पाव भाग धार, पाऊण भाग हवा. महागडं लेझर लागत नाही.

अडचण अशी की स्वस्त ऑक्सिजन सेन्सरला स्थिर व्हायला १०-१५ सेकंद लागतात आणि धाव १० सेकंदांची. म्हणून धाव सुरू झाल्यावर तिसऱ्या सेकंदाला सोलेनॉइड उघडायचा, आठव्याला बंद, नमुना लहान बाटलीत घ्यायचा आणि नंतर शांतपणे मोजायचा. बाटली आधी व्हॅक्यूम पंपाने रिकामी करायची, नाहीतर आधीची हवा नमुन्यात मिसळते. नळीचं तोंड अर्धा मिलिमीटरचं, पुढे धारदार. अशा पाच-सहा नळ्या एका दांडीवर बसवल्या की एका धावेत पूर्ण उभी रेघ मिळते.

दोनास एकचं मिश्रण ४७ लिटरच्या तपासणी झालेल्या सिलिंडरमध्ये करा. आधी ४ बार नायट्रोजन, मग १२ बार होईपर्यंत हेलियम, निरपेक्ष दाबात. भरताना वायू तापतो, म्हणून आकडा सिलिंडर गार झाल्यावर वाचा. हेलियम वर साचतो, तेव्हा सिलिंडर आडवा ठेवून रात्रभर राहू द्या. खोलीची दारं-खिडक्या उघड्या हव्यातच. दोन्ही वायूंना वास नाही, आणि ते ऑक्सिजन हटवतात.

कृष्णाकाठ (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री ८.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: पहिली प्लेट भिंतीत पाच छिद्रांची, खाच ठेवून, म्हणजे पायलॉन घालून आणि न घालता. दुसरी तशीच, समोरच्या भिंतीसाठी, दोन्हीकडून इंजेक्शन तपासायला. तिसरा ६ मिमीचा स्ट्रट. कॅव्हिटी नाही. वायू दोनास एक.

तुलना छिद्रापासून २५० मिमीवर करायची ठरवली आहे. ठीक आहे ना?

चंदनवंदन | गुरुवार, रात्री ९.२०

लांबी ठीक. पण तुमच्या पहिल्या पोस्टमधला "सुधारलं हे कशावरून म्हणायचं" हा प्रश्न अजून अर्धाच सुटलाय. नुसती मिश्रण कार्यक्षमता (इंधनाचा किती हिस्सा जळण्याइतका मिसळला) लावू नका. त्याच दांडीवर पिटॉट नळ्याही (प्रवाहाकडे तोंड करून दाब मोजणाऱ्या) बसवा, भिंतीवर स्टॅटिक दाबाची छिद्रं ठेवा आणि टोटल प्रेशर किती उरलं ते काढा. प्रत्येक प्लेटेची एक धाव वायू बंद ठेवूनही करायची, म्हणजे स्ट्रटचा स्वतःचा तोटा आणि धारेचा तोटा वेगळे कळतात. मग एका अक्षावर मिश्रण, दुसऱ्यावर तोटा. जी प्लेट तेवढ्याच तोट्यात जास्त मिसळते ती चांगली. दाब वाया घालवून कुठलंही मिश्रण वाढवता येतं, आणि इंजिनात तोच दाब थ्रस्ट म्हणून मिळायचा असतो.

वारणाकाठची | गुरुवार, रात्री ९.५०

+१. आणि अहवालात एक वाक्य नक्की घाला, की हे थंड मिश्रणाचे आकडे आहेत. ज्वलन सुरू झालं की उष्णतेने दाब वाढतो, हवेचा माक उतरतो, धारेची उंची बदलते, आणि उष्णता सुटल्यामुळे थराची वाढही मंदावते. तीन प्लेटांचा क्रम बहुधा तोच राहील, पण आकडे तेच राहणार नाहीत.

टूलरूम_कुपवाड | गुरुवार, रात्री १०.१५

पायलॉनची खाच छिद्राच्या कडेपासून निदान दीड मिलिमीटर आधी, हवा येते त्या बाजूला घ्या. त्याहून जवळ घेतली तर मधली भिंत रीमर लावताना दबते आणि छिद्र लंबगोल होतं. आणि पायलॉन नसताना ती खाच तशीच उघडी ठेवू नका, त्याच मापाची बुच प्लेटेशी सपाट घासून बसवा. दोन्ही प्लेटांची ड्रॉइंग टाका, खाचेचं टॉलरन्स बघून देतो.